क्यू उद्यानातील न दिसलेला पक्षी

वाचकहो, या सदरातून आपली भेट बहुधा रक्तदाब, मधुमेह किंवा ऋतुबदलाबरोबर येणारा सर्दी-खोकला यांच्या निमित्ताने होते. आज मी आपल्याला एका चित्रदालनात नेणार आहे. आरोग्याच्या पाक्षिकात चित्रदालनाचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मला आधी माझी एक चूक सांगावी लागेल. ती घडली माझ्या दवाखान्यात; पण तिचे कारण उमगले ते सातासमुद्रापलीकडच्या एका बागेत, कागदावर रंगवलेल्या झाडांसमोर उभा असताना.

माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ अनेक वर्षे येतात. वय पासष्टच्या पुढे, मधुमेह जुना, स्वभाव शांत. एकदा ते उजवा खांदा दुखतो म्हणून आले. मधुमेहाच्या रुग्णांत खांदा आखडणे ही नित्याची गोष्ट. मी खांदा तपासला, गोळ्या दिल्या, शेक आणि व्यायाम सांगितला. तीन महिन्यांनी ते पुन्हा आले, सहा महिन्यांनी पुन्हा आले. प्रत्येक खेपेस मी त्यांच्या साखरेचे आकडे पाहिले, एक्स-रे पाहिला, संगणकाच्या पडद्यावर मागचे औषध पाहिले आणि तेच पुन्हा लिहून दिले. असे वर्ष गेले. मग एके दिवशी निघता निघता ते ओशाळल्यासारखे म्हणाले, "डॉक्टर, बँकेत माझी सही जुळत नाही म्हणतात. पूर्वीपेक्षा फार बारीक येते म्हणे."

मी त्यांना पुन्हा बसवले आणि कोऱ्या कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. पहिला शब्द ठीक होता. शेवटचा मुंगीएवढा झाला होता. मग चालून दाखवायला सांगितले. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटून होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, म्हणजे वर्षभरात पहिल्यांदाच नीट पाहिले. चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती, पापण्या फार क्वचित लवत होत्या. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे निदान पक्के केले. बँकेतल्या माणसाला जे कागदावर दिसले, ते मला समोर बसलेल्या माणसात दिसले नव्हते.

ही बोच घेऊनच गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझी पत्नी लेकीकडे लंडनला गेलो.

बागेतली विटांची इमारत

लेक आणि जावई दोघेही नोकरी करणारे. आम्हाला हाती तिकिटे देऊन तिने सांगितले, "बाबा, आज तुम्ही दोघे क्यू गार्डन्सला जा. आईला झाडे आवडतात आणि तुम्हाला बसायला बाकडी मिळतील." तिचे निरीक्षण अचूक होते. क्यू येथील राजकीय वनस्पती उद्यान तीनशेहून अधिक एकरांत पसरले आहे. २००३ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भुयारी रेल्वेच्या क्यू गार्डन्स स्थानकावर उतरून पाच-सात मिनिटे चालले की व्हिक्टोरिया गेट लागते. आम्ही आत शिरलो तेव्हा गवतावर चेस्टनटची तपकिरी फळे विखुरली होती आणि पावसाची भुरभुर सुरू झाली होती. तासाभरातच माझे गुडघे कुरकुरू लागले. पाऊस वाढला, तेव्हा समोर दिसलेल्या एका तांबड्या विटांच्या इमारतीत आम्ही आसरा घेतला. तिच्याभोवती चक्क आपल्याकडच्या बंगल्यासारखा व्हरांडा होता.

आत पाऊल टाकले आणि क्षणभर डोळे दिपले. छताजवळच्या उंच खिडक्यांतून उजेड उतरत होता आणि भिंतींवर, अक्षरशः बोटभर जागा न सोडता, चित्रेच चित्रे होती. पाने, फुले, फळे, वेली, डोंगर, धबधबे. एकूण ८३२ चित्रे; बहुतेक सारी कागदावर तैलरंगांत काढलेली, आणि सारी एकाच स्त्रीच्या हातची. तिचे नाव मेरियन नॉर्थ.

मेरियन नॉर्थचा जन्म १८३० सालचा. वडील खासदार; त्यांच्याबरोबर ती हिंडली-फिरली. ते १८६९ मध्ये वारले, तेव्हा ती चाळिशीला टेकली होती आणि अविवाहित होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिने नातेवाइकांच्या घरी उरलेले आयुष्य विणकामात काढायला हवे होते. तिने रंगांची पेटी उचलली आणि १८७१ मध्ये ती प्रवासाला निघाली. अमेरिका, जमैका, ब्राझील, जपान, बोर्निओ, जावा, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, सेशेल्स, चिली. १८७७ ते १८७९ या काळात ती भारतात होती. दार्जिलिंगहून दिसणारे कांचनजंगा आणि आग्र्याचा ताजमहाल तिच्या भिंतीवर आहेत. चित्रकलेचे रीतसर शिक्षण तिने फारसे घेतले नव्हते. झाड जिथे वाढते तिथे जाऊन, त्याच्यासमोर बसून, त्याच्या आजूबाजूच्या मातीसह आणि किड्यांसह ते रंगवायचे, हा तिचा परिपाठ. बोर्निओतील एका घटपर्णीला आज शास्त्रीय नावातही तिचेच नाव आहे.

१८७९ मध्ये तिने क्यूचे संचालक जोसेफ हूकर यांना पत्र लिहून आपली सारी चित्रे आणि ती ठेवण्यासाठी इमारतीचा खर्च देऊ केला. १८८२ मध्ये दालन खुले झाले. चित्रे देशादेशांप्रमाणे कशी लावायची हे तिने स्वतः ठरवले आणि भिंतींच्या खालच्या भागात जगभरच्या २४६ प्रकारच्या लाकडांच्या पट्ट्या बसवल्या. बाग पाहून थकलेल्या लोकांना येथे चहा-कॉफी मिळावी, अशी तिची इच्छा होती. हूकरसाहेबांनी ती मान्य केली नाही. तेव्हा तिने दारांच्या वर चहाची आणि कॉफीची झाडेच रंगवून टाकली. दमलेल्या माणसाला बसायला जागा आणि घोटभर गरम पेय लागते, हे कळणारी ही बाई मला एकदम जवळची वाटली.

इमारतीचा तो व्हरांडाही उगाच आलेला नाही. तिचे वास्तुकार जेम्स फर्ग्युसन तरुणपणी कलकत्त्यात व्यापार करीत आणि पुढे भारतीय वास्तुकलेचे इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झाले. आपल्या अजिंठा-वेरूळची लेणी त्यांनी स्वतः हिंडून पाहिली आणि १८४५ मध्ये भारतातील कोरीव लेण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अजिंठ्याची भित्तिचित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती व्हाव्यात, हा आग्रह धरणाऱ्यांत ते अग्रणी होते. लंडनच्या पावसात एका मराठी माणसाला ज्या व्हरांड्याने आसरा दिला, त्याच्यामागे कुठेतरी आपल्याकडचे ऊन-पाऊस होते.

मी न पाहिलेला पक्षी

आता माझ्या फजितीकडे वळतो. दालनात शिरल्यावर मी नेहमीप्रमाणे एका टोकापासून सुरुवात केली आणि भिंतीलगत चालत सुटलो. ब्राझील झाले, जमैका झाला, जपान झाला. खालच्या पट्टीवरील अक्षरे वाचायची, वर एक दृष्टिक्षेप टाकायचा आणि पुढे सरकायचे. दोन्ही खोल्या पुऱ्या करून मी घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे झाली होती. दिवसाकाठी साठ-सत्तर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरचा वेग माझ्या पायांत मुरला आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. उलट काम उरकल्याचे समाधान वाटले.

पत्नी मात्र जमैकापाशीच उभी होती. तिच्या समोर जायफळाच्या फांदीचे चित्र होते. तिचे माहेर गुहागरजवळचे. परसात जायफळाचे झाड होते.

"अहो, इकडे या ना," ती म्हणाली. "हे बघा. जायफळ तडकले की आतली जायपत्री अश्शीच लाल दिसते. दोन दिवसांत रंग उतरतो तिचा. या बाईने अगदी ताजे फळ पुढ्यात ठेवून काढलेले दिसते."

"हो, पाहिले मी ते," मी म्हणालो.

"मग हा पक्षी पाहिलात?"

मी दचकलो. पक्षी? फांदीपाशी एक इवलासा गुंजनपक्षी होता. आपल्याकडच्या शिंजिरासारखा, फुलांतला मध पिणारा. मघाशी मी याच चित्रासमोरून गेलो होतो. चित्राचे नाव वाचले होते, आणि त्या नावातही पक्ष्याचा उल्लेख होता. तरीही पक्षी मला दिसला नव्हता.

वाचकहो, खरे सांगतो, त्या क्षणी मला चित्र दिसेनासे झाले आणि कागदावरची ती मुंगीएवढी अक्षरे दिसू लागली. मला ज्ञान नव्हते असे नाही. पार्किन्सनची लक्षणे मला विद्यार्थीदशेपासून पाठ आहेत. माझ्या डोळ्यांतही दोष नव्हता. दोष पाहण्याच्या सवयीत होता. 'जायफळ' असे वाचले की मेंदू म्हणतो, कळले, आता पुढे. 'मधुमेही, खांदा आखडलेला' असे लिहिले की मेंदू तेच म्हणतो. नाव मिळाले की नजर मिटते.

मी माघारी फिरलो, दालनातल्या बाकावर टेकलो आणि एकाच भिंतीकडे पाहू लागलो. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडले नाही. हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला. चौथ्या-पाचव्या मिनिटाला पानांच्या कडा वेगळ्या दिसू लागल्या. मग एका पानावरचे कुरतडलेले भोक दिसले. फुलामागची कळी दिसली. दूरच्या डोंगरावर धूर दिसला. हे सारे आधीपासून तिथेच होते.

मंद उजेडाचे दालन

या दालनाला लागूनच दुसरे दालन आहे, शर्ली शेरवूड यांच्या नावाचे. २००८ साली ते खुले झाले. केवळ वनस्पतिचित्रांसाठी बांधलेले असे सार्वजनिक दालन त्यापूर्वी जगात नव्हते. शेरवूडबाईंनी १९९० पासून आजच्या वनस्पतिचित्रकारांची चित्रे जमवायला सुरुवात केली. आज त्यांच्या संग्रहात तीसहून अधिक देशांतील तीनशेवर चित्रकारांचे काम आहे. क्यूची स्वतःची जुनी चित्रसंपदाही वेळोवेळी येथे मांडली जाते.

बाहेरच्या उजेडातून येथे आलो तेव्हा प्रथम सारे अंधुक वाटले. हा अंधार मुद्दाम राखलेला असतो. जलरंगाला आणि कागदाला प्रकाश म्हणजे संथ विष. रंग फिके होतात, कागद पिवळा पडतो आणि झालेली हानी भरून येत नाही. म्हणून कागदावरील चित्रांवर साधारणतः पन्नास लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो.

येथे डॉक्टर म्हणून दोन शब्द सांगणे भाग आहे. वयाबरोबर बाहुली आकसते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर होते. साठाव्या वर्षी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच उरतो. म्हणून आई-वडिलांना अशा दालनात नेलेत, तर दारातून आत येताच त्यांना चालायला लावू नका. पाच-दहा मिनिटे बसू द्या, डोळे रुळू द्या. जवळचा चष्मा आठवणीने बरोबर घ्या. मंद उजेडात पायऱ्या आणि उंबरे दिसत नाहीत, तेव्हा हात धरा. आणि फ्लॅश टाकून फोटो कधीही काढू नका.

डोळे रुळल्यावर जे दिसले ते मेरियन नॉर्थच्या चित्रांहून अगदी वेगळे होते. तिथे रानच्या रान होते. येथे कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकच फांदी, एकच शेंग, कुठे एकच वाळके पान. मागे आकाश नाही, जमीन नाही. नजरेला पळायला वाट नाही.

वनस्पतिचित्रकाराची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. तो आधी रोपाचे माप घेतो. कंपासासारख्या दोन टोकांच्या साधनाने पानाची लांबी मोजून ती जशीच्या तशी कागदावर उतरवतो. पाने देठावर समोरासमोर आहेत की आळीपाळीने, पाकळ्या किती, पुंकेसर किती, लव पानाच्या वरच्या बाजूस आहे की खालच्या, हे मोजतो. फूल चिरून आत पाहतो. फूल कोमेजण्याच्या आत रंग जुळवून ठेवावे लागतात. कोरड्या कुंचल्याचे बारीक फटकारे देत एकेका पानावर दिवसेंदिवस काम चालते. कल्पनेने काही भरायचे नाही आणि दिसलेले काही गाळायचे नाही, हा त्याचा दंडक.

मनात आले, रुग्णाची तपासणी आम्हाला नेमकी अशीच शिकवली होती. आधी पाहा, मग हात लावा, मग ठोका, मग ऐका. पहिली पायरी निरीक्षणाची. तीच आज सर्वांत आधी गळून पडली आहे.

झाडे चितारून घेणारे वैद्य

डॉक्टरांचे आणि वनस्पतिचित्रांचे नाते जुने आहे. एकेकाळी औषध म्हणजे झाड. आणि झाड चुकले की रुग्ण दगावण्याची भीती. म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे. ज्या हूकरांनी मेरियनला चहा नाकारला, तेही वैद्यकाचे पदवीधर होते. सतराव्या शतकात कोचीनचे डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांनी 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे केरळी वैद्य होते. तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोकणी वैद्यही होते. १६७८ साली निघालेल्या पहिल्या खंडात या तिघांचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेले आहे.

आणखी एक गोष्ट तर आपल्या पुण्याच्या अंगणातली. दापोडीला एकेकाळी सरकारी वनस्पती उद्यान होते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, ते सुरू झाले. १८३८ पासून त्याचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे होता. जुन्नरजवळ हिवरे येथे त्यांनी औषधी वनस्पती लावल्या होत्या आणि तिथून औषधे लष्कराकडे जात. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी दापोडीतील झाडांची दीडशेहून अधिक चित्रे कागदावर काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत आणि 'दापुरी ड्रॉइंग्ज' या नावाने अभ्यासकांना परिचित आहेत. चित्रे काढणारा कलावंत भारतीय-पोर्तुगीज होता, एवढेच ठाऊक आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याने पानावरची प्रत्येक शीर पाहिली. त्याच्याकडे मात्र कोणी पाहिले नाही. दापोडीवरून लोकलने मी शेकडो वेळा गेलो असेन. ही बाग तिथे होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर, परदेशी बागेच्या निमित्ताने वाचताना कळले.

चित्रे पाहून बरे वाटते का?

आता आपल्या मनातल्या प्रश्नाकडे येतो. चित्र पाहणे हे औषध आहे काय? माझे उत्तर सावध आहे. चित्राने साखर उतरत नाही आणि बंद पडलेली रक्तवाहिनी उघडत नाही. कुणी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नका. परंतु काही गोष्टी अभ्यासकांनी पाहिल्या आहेत.

१९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. अशा रुग्णांच्या २३ जोड्यांची त्यांनी तुलना केली. झाडे पाहणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता. पण त्याने रुग्णालये बांधणाऱ्यांना विचार करायला लावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. प्रतिबंधापासून आजाराशी जुळवून घेण्यापर्यंत कलेचा उपयोग होऊ शकतो, असा त्याचा सूर आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका अभ्यास येल विद्यापीठाचा. २००१ मध्ये तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना चित्रसंग्रहालयात नेऊन एकेका चित्रासमोर उभे केले आणि काय दिसते ते सविस्तर सांगायला लावले. नंतर रुग्णांची छायाचित्रे दाखवून परीक्षा घेतली, तेव्हा या विद्यार्थ्यांचे निरीक्षण इतरांपेक्षा सरस ठरले. पाहणे ही उपजत देणगी नाही; ते शिकता येते. आणि शिकता येते त्याअर्थी विसरताही येते.

ही गोष्ट केवळ डॉक्टरांची नाही, म्हणून तर मी ती आपल्याला सांगतो आहे. घरातल्या माणसाला आपण रोज 'पाहतो', आणि म्हणूनच पाहत नाही. आजोबांची सही किंवा अक्षर बारीक होत चालले आहे का? चालताना त्यांचा एक हात झुलायचा थांबला आहे का? चेहरा उगाच गंभीर वाटतो, आवाज हळू झाला आहे, फोडणीचा वास येईनासा झाला आहे, बरे न होणारी खांदेदुखी आहे, असे काही आहे का? यांतील एखादे लक्षण म्हणजे पार्किन्सन असे मुळीच नव्हे. प्रत्येकाला दुसरी साधी कारणे असू शकतात. 'कंपवात' या नावामुळे कंप असलाच पाहिजे असे आपण समजतो. पण काही रुग्णांत सुरुवातीला तो नसतोही. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. डॉक्टर पडद्याकडे पाहत असेल, तर थोडे मोठ्याने सांगा.

लंडनला जायला हवे असे नाही

क्यूला जाणे आपल्यापैकी सर्वांना शक्य नाही, आणि गरजही नाही. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेच्या कुशीतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. संग्रहालय आणि बाग शेजारी शेजारी, क्यूसारखीच जोडी. ज्यांचे नाव त्याला दिले ते भाऊ दाजी स्वतः डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. रुग्ण पाहता पाहता त्यांनी अजिंठ्याचे शिलालेखही वाचले. पाहण्याची सवय असलेला डॉक्टर कसा असतो, ते त्यांच्याकडे बघून कळते. आपल्या गावात एखादे लहानसे कलादालन असेल, शाळेतले चित्रप्रदर्शन असेल, तेही पुरेसे आहे.

जाल तेव्हा एवढे करा. सारे पाहण्याचा हट्ट सोडा. एक चक्कर मारून मनात भरलेली तीनच चित्रे निवडा आणि प्रत्येकापाशी दहा मिनिटे थांबा. चित्राखालची पट्टी शेवटी वाचा. मुलांना 'कसे वाटले' असे विचारू नका. 'काय काय दिसले' असे विचारा आणि त्यांना मोजू द्या. दर अर्ध्या तासाने बसा, पाणी प्या. दालनातील संथ चालण्याने पाय आणि कंबर बागेतल्या फेरफटक्यापेक्षा अधिक दमतात.

घरी करायचे असेल तर त्याहून सोपे. जास्वंदीचे एक पान खुडा. कोरा कागद, शिसपेन्सिल आणि दहा मिनिटे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पान जेवढे आहे तेवढेच काढा आणि त्याच्या कडेचे दाते मोजा. चित्र वेडेवाकडे आले तरी हरकत नाही. ते कुणाला दाखवायचे नाही. दहा मिनिटांनी त्या पानाविषयी आपल्याला आधी ठाऊक नसलेल्या निदान पाच गोष्टी कळलेल्या असतील.

परत आल्यावर मी दवाखान्यात एकच बदल केला. संगणक बाजूच्या टेबलावर हलवला आणि माझी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढी सात-आठ पावले मी आता काही लिहीत नाही. फक्त पाहतो. त्यामुळे दिवसाला चार-पाच रुग्ण कमी पाहून होतात, आणि बाहेर थांबलेली मंडळी कधीकधी कुरकुरतात. त्यांची मी येथे क्षमा मागतो.

ते निवृत्त गृहस्थ नियमित येतात. औषधांनी हालचाल बरीच सुधारली आहे. चौरेघी वहीत मोठे अक्षर गिरवण्याचा व्यायाम त्यांना सांगितला आहे; रेघ समोर असली की अक्षर आकसायचे थांबते. उशिरा निदान केल्याबद्दल मी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते फक्त म्हणाले, "आता पाहताय ना, झाले." मागच्या भेटीत त्यांनी वही पुढे केली. चार ओळींखाली त्यांनी स्वतःचे नाव लिहिले होते, रेघेपासून रेघेपर्यंत, चांगले ठसठशीत. त्या नावाशेजारी एक छोटेसे पान काढले होते. मी निरखून पाहिले. तुळशीचे होते, आणि देठाशी एक मुंगीही होती.